भरलेली मूठ

१

सकाळी साडेसहाला पहिला भोंगा व्हायचा. तो झाला की अनसूयावहिनी चुलीजवळून चहाचे दोन पेले पुढे सरकवायच्या, एक माझ्या थोरल्या भावाचा, नीलकंठदादाचा, आणि एक माझा. साखर रेशनवर गेली होती, म्हणून गुळाचा. दादा फुंकर मारत बसून प्यायचा, मी उभ्या उभ्या. मग आम्ही दोघे अधारतालच्या घरातून सायकली काढायचो आणि गन कॅरेजच्या कारखान्याकडे निघायचो. सन त्रेचाळीस. लढाई ब्रह्मदेशात येऊन ठेपली होती आणि जबलपुरात तोफांचे गाडे दिवसरात्र तयार होत होते. दादा फिटर होता, मी विजेच्या खात्यात. म्हणजे वीज माणसाला कशी मारते हे आमच्या घरात कोणाला ठाऊक असेल, तर ते मला.

त्या उन्हाळ्यात आमच्या घरापुढून नवी लाइन गेली. महाराजपुरच्या बाजूला लष्कराच्या बराकी उभ्या राहत होत्या, त्यांच्यासाठी. आम्हाला दिवा मिळाला नाही, फक्त खांब मिळाला. तो कलू नये म्हणून त्याच्या डोक्यापासून जमिनीपर्यंत एक जाड तार तिरपी ओढली होती. तिला आम्ही ताण म्हणतो. ताणाच्या मध्यावर चिनी मातीचा एक गोळा बसवायचा असतो. वरची तार तुटून ताणाला लागली, तरी वीज त्या गोळ्यापाशी अडते, खाली माणसापर्यंत येत नाही. आमच्या ताणात गोळा नव्हता. लढाईमुळे माल मिळत नाही म्हणे. तारेला तार पिळून वीज कंपनीची माणसं निघून गेली होती.

श्रावणातल्या एका शुक्रवारी माझी पाळी लांबली, म्हणून दादा एकटाच घरी आला. दुपारचे अडीच वाजले होते. फाटकापाशी सायकल चिखलात घसरली आणि तोल सावरायला त्यानं हाताशी आला तो ताण धरला.

लोकांना वाटतं वीज माणसाला फेकून देते. पुष्कळदा ती धरते. बोटं आपोआप आवळतात आणि सोडायचं म्हटलं तरी सुटत नाहीत. वहिनी आतून धावल्या. त्यांनी दादाचा मोकळा हात आपल्या उजव्या हातात घेऊन ओढला आणि त्याही तिथंच चिकटल्या. शेजारच्या बेबीताईंनी धुण्याचं कोरडं धोपाटणं आणून त्यांच्या मनगटावर हाणलं, तेव्हा वहिनी सुटून मागे पडल्या. दादा सुटला नाही. लाइन बंद करायला कंपनीनं चाळीस मिनिटं लावली.

चाळीस मिनिटं. लष्कराच्या बराकींची वीज तुटू नये, म्हणून.

२

तेरावा झाला आणि घर पुन्हा भोंग्याच्या वेळेवर चालू लागलं. पहिल्याच सकाळी माझ्या लक्षात आलं की वहिनी डाव्या हातानं पेला सरकवतात. उजवा हात पदराखाली होता. दुसऱ्या दिवशीही तसंच. भाकरी त्यांनी डाव्या हातानं थापली, ती फाटली, पुन्हा थापली. पण उजवा हात बाहेर आला नाही.

"वहिनी, हात दुखतो का?"

"दुखत नाही."

"मग काहून लपवून राहिल्या?"

त्यांनी पदर बाजूला केला. मूठ वळलेली होती. मूठ म्हणालो खरा, पण ती मूठ नव्हती. आपण मूठ वळतो तेव्हा बोटांची टोकं तळहाताला टेकतात. वहिनींची बोटं टेकली नव्हती. बोटं आणि तळहात यांच्यामध्ये जागा होती, आणि ती जागा चांगली रुंद होती. पुरुषाच्या चार बोटांएवढी.

सिव्हिल लाइंसमधून मी डॉक्टर विष्णुपंतांना घेऊन आलो. म्हातारे, सावध गृहस्थ. त्यांनी हात उलटा सुलटा करून पाहिला. बोटं उघडायचा प्रयत्न केला, ती उघडेनात. मग त्यांनी औषधाच्या चमच्याचा दांडा घेतला आणि त्या पोकळीत सरकवायला गेले. पोकळी मला समोर दिसत होती. खिडकीतला उजेड तिच्यातून पलीकडे जात होता. दांडा आत गेला नाही.

विष्णुपंतांनी थोडा जोर लावला. दांडा अडला. हाडावर अडावा तसा अडला.

वहिनी हळूच म्हणाल्या, "लागेल हो."

कोणाला लागेल, हे विष्णुपंतांनी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. त्यांनी चमचा पुसून पिशवीत ठेवला. "शिरा आखडल्या आहेत, सैल पडतील हळूहळू," असं म्हणाले. फी मी पुढे केली, तर ती न घेताच टांग्यात बसले.

मी स्वतःला समजावलं. धक्क्यानं स्नायू महिनोन्‌महिने आवळलेले राहतात, मी कारखान्यात पाहिलंय. उजेडाचं काय, तो फसवतो. चमचा तिरका लागला असेल. अशी चार कारणं मी रोज सायकलवरून जाताना जुळवत होतो. चारही बरोबर होती. संध्याकाळी घरी येऊन तो हात पाहिला की एकही उरत नसे.

३

आम्ही कंपनीकडे भरपाईचा अर्ज केला होता. भाद्रपदात उत्तर आलं. जाड, गुळगुळीत कागद होता. लढाईत आम्हाला अर्ज लिहायला कागद मिळत नव्हता आणि यांच्याकडे नकार लिहायला असला कागद! मजकूर चारच ओळींचा. सदर वेळी सदर वाहिनी बंद होती. मृत इसमाच्या हृदयात आधीपासून दोष असावा. शिवाय त्याने कंपनीच्या मालमत्तेस विनापरवाना हात लावला. सबब कंपनी जबाबदार नाही.

लाइन बंद होती! मग चाळीस मिनिटांनी बंद केली ती काय होती? आणि दादाच्या हृदयात दोष? घाव घालून घालून त्याचे खांदे बैलासारखे झाले होते. विनापरवाना हात लावला म्हणे. चिखलात पडणाऱ्या माणसानं आधी परवान्यासाठी अर्ज टाकायचा, पोच घ्यायची आणि मग तोल सावरायचा.

तो कागद मी चुलीत घालणार होतो. वहिनींनी डाव्या हातानं काढून घेतला. "राहू द्या. लागेल," म्हणाल्या.

चार दिवसांनी कंपनीचे मॅनेजर बापूसाहेब स्वतः घरी आले. इथल्या मराठी मंडळींत त्यांचं वजन होतं. गणपतीच्या वर्गणीत त्यांचा आकडा पहिला असायचा. रेशमी उपरणं, हातात चांदीच्या मुठीची काठी. घरात येऊन त्यांनी दादाच्या तसबिरीला नमस्कार केला आणि खाटेवर टेकले.

"आपलीच माणसं आहात तुम्ही. कोर्टकचेरीत काय ठेवलंय?" ते म्हणाले. "दीडशे रुपये मी कंपनीकडून मिळवून देतो. फक्त या कागदावर वहिनींची सही हवी."

कागद मी वाचला. मृत्यू स्वतःच्या निष्काळजीपणामुळे झाला, असं त्यात होतं.

"याच्यावर सही?" माझा आवाज चढला. "बापूसाहेब, ताणात गोळा नव्हता. मी विजेतच काम करतो, मला शिकवू नका."

"श्रीरंगराव, पुरावा लागतो. तुमच्या म्हणण्याला कोण विचारतो? कंपनीला या घटनेआधी त्या खांबाबद्दल एक तक्रार आली नाही. एकही नाही." मग ते वहिनींकडे वळले. "तुम्ही शहाण्या आहात. करा सही."

"उजवा हात मोकळा नाही," वहिनी म्हणाल्या.

"काय झालं हाताला?"

"मोकळा नाही."

बापूसाहेबांनी पदराबाहेर आलेला तो हात पाहिला. माणसं एखाद्या व्यंगाकडे पाहून नजर वळवतात, तसे त्यांनी वळवले नाहीत डोळे. ते हाताकडे पाहत राहिले, मग हाताच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे, आणि मग त्या जागेच्या वर, माणसाचा चेहरा असतो तितक्या उंचीवर. त्यांची काठी जमिनीवर पडली. ती न उचलताच ते उठले. "विचार करा," एवढं दारातून बोलले आणि मोटारीत बसले.

काठी मी रस्त्यावर फेकून दिली.

४

बेबीताई तेव्हा भिंतीपलीकडून ऐकत होत्या. बापूसाहेब गेल्यावर लगेच आल्या.

"एकही तक्रार नाही म्हणे! अहो श्रीरंगभाऊ, हल्केरामची म्हैस आठवते का? याच खांबाखाली मरून पडली होती. हल्केराम म्हणाला, साप चावला. अच्छा, साप चावला तर कंपनीची मोटर काहून आली होती त्याच्या घरी?"

हल्केराम आमच्या मागच्या वाडीतला गवळी. दादाच्या तेराव्याच्या आधीच तो घर सोडून पाटणला गेला होता. मी रविवारी पाटणची बस धरली. पेट्रोल लष्कराला जात होतं, म्हणून बस कोळशाच्या गॅसवर चालायची. चढ आला की प्रवाशांनी उतरून ढकलायची. मी ढकलत होतो आणि मनातल्या मनात बापूसाहेबांना शिव्या घालत होतो.

पाटणच्या बाजाराशेजारी हल्केरामचं नवं दूधघर होतं. दारात दोन नव्या म्हशी बांधलेल्या. मला पाहून त्यानं बादली खाली ठेवली. आम्ही हिंदीतच बोललो.

"साँप नहीं था, भैया," तो स्वतःच म्हणाला. "तार से मरी थी. साब लोगों ने कहा, साँप बताना और मोहल्ला छोड़ देना."

"और पैसे?"

"आठ दिन में मिल गए." मग तो माझ्या तोंडाकडे पाहून चाचरत म्हणाला, "आदमी के नहीं मिले क्या?"

म्हशीचे मिळाले. आठ दिवसांत मिळाले, मोटर घरपोच घेऊन आली. ताणात वीज उतरते हे कंपनीला माहीत होतं. तेव्हाच एक चिनी मातीचा गोळा बसवला असता, तर म्हशीच्या किमतीच्या शंभराव्या हिश्श्यात दादा वाचला असता. त्यांनी गोळा बसवला नाही. साप बसवला.

हल्केरामनं पेटीतून एक पावती काढली. म्हशीच्या नुकसानीची रक्कम पोचली, असा मजकूर, हल्केरामचा अंगठा आणि खाली बापूसाहेबांची सही. तारीख दादा गेला त्याच्या अकरा दिवस आधीची.

"ले जाओ," तो म्हणाला. "मैं साँप न कहता तो भैया जिंदा होते." त्याला रडू येत होतं. मग नाक पुसत त्यानं सहज विचारलं, "पर आप तो बिजली वाले हो. आपको पता नहीं चला?"

मी पावती खिशात घातली आणि बसकडे चालू लागलो.

५

आता जे लिहितो, ते मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

दादा गेला त्याच्या दोन दिवस आधी मी दुहेरी पाळी करून घरी आलो. सायकल त्या ताणाला टेकवली आणि हँडलवर हात असतानाच मनगटापर्यंत मुंग्या आल्या. मंद, गुणगुणाऱ्या मुंग्या. कोणी दुसरा असता तर त्याला कळलं नसतं. मला त्याच क्षणी कळलं. वर कुठं तरी तार ताणाला घासत होती. जमीन कोरडी होती, म्हणून नुसत्या मुंग्या. ओल झाली की त्याच मुंग्या जीव घेणार.

माझ्या पिशवीत वीज तपासायचा दिवा होता. कंपनीचं कार्यालय सायकलवर अर्ध्या तासावर. निदान वहिनींना, दादाला, बेबीताईंना सांगायचं, ताणाला हात लावू नका. चार शब्द. मी थकलो होतो. उद्या पाहू, म्हणालो. जेवलो आणि झोपलो. दुसऱ्या दिवशी कामाच्या रगाड्यात विसरलो, आणि तिसऱ्या दिवशी शुक्रवार होता.

कंपनीवर मी इतका चिडत होतो, त्यातला किती राग कंपनीवरचा होता, ते मला माहीत होतं. पण बापूसाहेबांचं खोटं समोर होतं आणि त्याच्या आडोशाला माझं गप्प बसणं छान झाकलं जात होतं.

नागपूरहून सरकारी वीज निरीक्षक चौकशीला येणार, असं पत्र आलं. त्यांच्या अहवालावरच आमच्या दाव्याचं काय ते ठरणार होतं. आदल्या दिवशी मी दुपारीच सुटी घेऊन घरी आलो. फाटकाबाहेरच थांबलो, कारण अंगणात वहिनी चालत होत्या.

भर दुपारचं ऊन होतं. वहिनी अगदी सावकाश चालत होत्या, आजारातून उठलेल्या माणसाला फिरवतात तशा. उजवा हात शरीरापासून थोडा दूर, किंचित वर उचललेला. दोन पावलं टाकायच्या, थांबायच्या, कोणी तरी पाऊल जुळवायची वाट पाहिल्यासारख्या, मग पुन्हा दोन पावलं. ओठ हलत होते. एवढ्यानं मी घाबरलो नसतो. दुःखात माणसं काय काय करतात.

खांबापाशी कंपनीनं आता नवा ताण लावला होता, चकचकीत गोळ्यासकट. वहिनी चालत चालत त्याच्या जवळ आल्या. त्यांचं लक्ष नव्हतं, त्या सरळच जात होत्या. एकाएकी त्यांचा उजवा हात बाजूला ओढला गेला. हात ओढला गेला आणि त्याच्या मागोमाग वहिनी ओढल्या गेल्या, पाऊल अडखळलं, पदर खांद्यावरून घसरला. दांडगा माणूस हिसका देऊन एखाद्याला मागे खेचतो, तशा त्या ताणापासून तीन हात लांब येऊन थांबल्या.

"हो, हो, पाहिलं मी," त्या म्हणाल्या. आवाजात जराशी कुरकुर होती. नवऱ्याशी बायको बोलते तशी.

मी सायकल वळवून तलावाकडे गेलो आणि ऊन उतरेपर्यंत तिथंच बसून राहिलो.

६

चौकशी सिव्हिल लाइंसमधल्या एका सरकारी बंगल्यात होती. उंच छत, लांब टेबल, वर पंखा. निरीक्षक म्हणून एक वयस्क पारशी गृहस्थ आले होते. कमी बोलायचे आणि ऐकताना चष्मा काढायचे. एका बाजूला बापूसाहेब आणि कंपनीचे वकील. दुसऱ्या बाजूला मी. भिंतीशी बाकावर वहिनी आणि बेबीताई.

हल्केरामची पावती माझ्या खिशात होती. मी ती आधी दाखवणार नव्हतो. बापूसाहेबांना खोटं बोलू द्यायचं, त्यावर सही करू द्यायची आणि मग टेबलावर पावती टाकायची. रात्रभर मी त्या क्षणाची चव घेत होतो.

बापूसाहेबांनी जबानी दिली. स्वच्छ, खणखणीत आवाज. वाहिनी बंद होती. या घटनेपूर्वी त्या खांबाबद्दल कंपनीला कसलीही माहिती नव्हती. निरीक्षकांनी ती लिहून घेतली, वाचून दाखवली आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला. बापूसाहेबांनी टाक दौतीत बुडवला.

तेवढ्यात बेबीताई "अगं बाई!" म्हणाल्या. मी वळून पाहिलं.

वहिनींचा उजवा हात मांडीवर उताणा पडला होता. उघडा. तीन महिन्यांत पहिल्यांदा पाचही बोटं सरळ झाली होती. तळहात पांढराफटक, पाण्यात भिजल्यासारखा सुरकुतलेला. वहिनी हाताकडे पाहत नव्हत्या. त्या टेबलाकडे पाहत होत्या.

मी परत वळलो. बापूसाहेबांचा टाक कागदाला टेकला होता. टेकला होता आणि पुढे सरकत नव्हता. शाईचा ठिपका मोठा होत चालला होता.

"काय झालं?" वकिलांनी विचारलं.

बापूसाहेबांची बोटं टाकावर आवळत गेली, नखं पांढरी झाली. टाकाचं टोक कागद फाडून लाकडात रुतलं. हाताच्या शिरा तट्ट फुगल्या. त्यांनी डावा हात आणून उजव्या हाताची बोटं सोडवायचा प्रयत्न केला आणि एकदम डावा हात मागे घेतला, जणू त्याला तिथं दुसरंच काही लागलं. मी टेबलाच्या या बाजूला, दोन हातांवर होतो. त्यांच्या उजव्या हाताच्या पाठीवर चार खळगे उमटले होते. चार आडवे, लांबट खळगे, आणि अंगठ्याच्या बाजूला पाचवा. त्यांच्या हातावर वरून कोणी तरी आपला हात ठेवून तो दाबून धरावा, तशी कातडी आत गेली होती. आणि धरणारं कोणी नव्हतं.

"सोडा," बापूसाहेब मराठीत म्हणाले. अगदी हळू. "सोडा हो."

निरीक्षकांना वाटलं ते शिपायाला काही सांगताहेत.

"म्हैस मेली होती," बापूसाहेब म्हणाले. कपाळावरून घाम टाकावर ठिबकत होता. "त्याच ताणानं. मला माहीत होतं. मीच पैसे दिले. लाइन चालू होती. लाइन चालूच होती हो."

टाक हातातून गळून पडला. खळगे हळूहळू भरून आले. वकील उठून काहीबाही बोलू लागले, साहेबांची तब्येत बरी नाही, जबानी धरू नये. निरीक्षकांनी पाणी मागवलं आणि म्हशीबद्दल पुन्हा विचारलं. मी पावती पुढे केली. ज्या क्षणाची रात्रभर चव घेतली होती, तो हा. तोंड कोरडं पडलं होतं माझं.

आता वकिलांना एकच वाट उरली होती. ते माझ्याकडे वळले. हिंदीत विचारलं की मी विजेच्या खात्यात काम करतो, खांबापासून पाच पावलांवर राहतो. मग ताणात वीज उतरते हे मला आधी कळलं होतं की नाही? मी हो म्हणालो, तर घरच्यांना माहीत होतं असं ठरणार आणि दावा पातळ होणार. नाही म्हणालो, तर ते कोणी खोडून काढू शकत नव्हतं. जगात कोणालाच ते ठाऊक नव्हतं.

निरीक्षकांनी माझ्यापुढे कोरा कागद सरकवला. टाक उचलून मध्ये ठेवला.

मी वहिनींकडे पाहिलं. त्यांचा हात तसाच उघडा होता, रिकामा. परत मिटला नव्हता. मग माझ्या उजव्या हाताच्या पाठीवर गार लागलं. ओल्या हाताचा गारवा. दाब नव्हता अजून.

"मला माहीत होतं," मी म्हणालो. "दोन दिवस आधी. मुंग्या आल्या होत्या. मी कोणाला सांगितलं नाही."

बेबीताईंनी तोंडाला पदर लावला. वकील हसले. निरीक्षकांनी चष्मा काढला, माझ्याकडे पाहिलं आणि लिहून घेतलं. मी सही केली. हात मोकळा होता. मी खरं बोललो ते सचोटीनं की भीतीनं, हे मला आजही सांगता येत नाही. खरं म्हणजे येतं. सांगवत नाही.

७

निकाल फाल्गुनात लागला. कंपनीचा निष्काळजीपणा सिद्ध झाला. भरपाई मंजूर झाली आणि तिचा तिसरा हिस्सा कापला गेला, कारण कुटुंबातल्या एका जाणत्या व्यक्तीस धोक्याची पूर्वकल्पना होती. तसंच लिहिलं होतं, जाणत्या व्यक्तीस. बापूसाहेब नोकरी सोडून इंदूरला मुलीकडे गेले. कंपनीनं अधारतालच्या सगळ्या ताणांत गोळे बसवले. लढाई चालूच होती, पण गोळे आता मिळू लागले होते.

मी निकालाचा कागद घेऊन घरी आलो, तेव्हा वहिनी अंगणात तूर पाखडत बसल्या होत्या. दोन्ही हातांनी सूप धरलं होतं. दाणे उडत होते, फोलपट वाऱ्यावर जात होतं. मी त्यांना सगळा कागद वाचून दाखवला. ती एक ओळ आली तेव्हा गाळावीशी वाटली. गाळली नाही.

"वहिनी, माझ्यामुळे तुमचे इतके पैसे गेले. आणि दादा..." मी कागदाची घडी घातली. "मी तेव्हाच तोंड उघडलं असतं तर दादा इथं बसला असता. त्या दिवशी साहेबासमोर तुम्हाला ते ऐकावं लागलं."

"मला माहीत होतं, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. सूप थांबलं नाही.

"कसं? मी कोणालाच बोललो नव्हतो."

"यांनी सांगितलं."

"दादाला कुठं माहीत होतं?"

"तेव्हा नव्हतं," त्या म्हणाल्या. एक खडा उचलून त्यांनी बाजूला टाकला. "तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी कळलं त्यांना. तुम्ही कामावर गेले होते. मग दिवसभर काही बोललेच नाहीत."

ऊन अंगणभर पसरलं होतं. भिंतीपलीकडे बेबीताई कोणाला तरी हाका मारत होत्या. मला पाय उचलून निघून जायचं होतं आणि मला रागही आला होता. इतके महिने या बाईनं मला दोन वेळा जेवायला वाढलं, सकाळी पेला पुढे केला, मी कंपनीला शिव्या घालताना मान डोलावली, आणि सगळं ठाऊक असताना.

"मग बोलल्या काहून नाहीत मला?"

"तुम्ही कधी बोलता, ते पाहून राहिलो होतो आम्ही."

सूप आता थांबलं होतं. मी विचारलं, आणि विचारायला नको होतं, "आणि मी नसतो बोललो, तर?"

वहिनींनी मान वर केली. माझ्याकडे नाही, माझ्या खांद्याच्या जरा वर पाहिलं.

"आत्ता नका विचारू, भाऊजी," त्या अगदी हळू म्हणाल्या. "ऐकून राहिले ते."